मैदानाकडे पाठ

छावणीच्या मैदानावर त्या वर्षी पगारी खेळाडूंचा बाहेरचा फुटबॉल संघ आला होता, म्हणून गर्दी आवरेना. मी गोलच्या मागे, दोरीला खेटून उभा होतो. दोरीपलीकडे, मैदानाकडे पाठ करून एक होमगार्ड होता. पन्नाशीचा, ओरडून ओरडून घसा बसलेला. नाव मी विचारलं नाही. लोक दोरी ढकलायचे, तो ती रेटायचा आणि दर वेळी टोपी सरळ करायचा.

"मागं सरका हो! मॅच काय पळून चाललीय व्हय?"

माझ्या शेजारचे इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ पाहुण्या गोलकीपरला आईवरून शिव्या देत होते. होमगार्ड वैतागून मला म्हणाला, "पोरं दटावली की ऐकतेत. ह्या बापांना कुणी दटावायचं?"

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला पाहुण्यांनी गोल केला. गृहस्थांनी चिडून गोलकीपरच्या दिशेनं भरलेली पाण्याची बाटली भिरकावली. ती होमगार्डच्या कपाळावर बसली. भुवईतून रक्त आलं.

गृहस्थ गडबडले. "तुम्हाला नव्हती मारली हो, काका. त्या गोलकीपरला मारली होती."

होमगार्डनं रुमाल कपाळाला दाबला. "मंग त्याला लागली असती तर चाललं असतं व्हय?"

लोक आपणहून मागे सरले. मला बरं वाटलं. पण चेंडू पुन्हा आमच्या समोरच्या, पाहुण्यांच्या गोलकडे आला, तसा सगळ्यांनी दोरीवर रेटा दिला. त्यांत मीही ढकलला गेलो, आणि तो बसलेल्या घशानं माझ्यावरच ओरडला.