अध्याय अर्धा टाकून उठायचे नाही

नातीच्या रुखवतातल्या कुरडया शेळीने खाल्ल्या, तेव्हा मी शेजारीच राखण करत बसले होते.

शाळा मी चौथीपर्यंत शिकले. पुढे वाचली ती फक्त पोथी, दर श्रावणात. त्यामुळे नात सोनालीने बारामतीच्या लायब्ररीतून एक जुनी, जाडजूड कादंबरी आणली आणि म्हणाली, "आजी, उन्हाळ्यात वाच, लई गाजलेली हाय," तेव्हा मी मला येते त्याच रीतीने ती वाचायला घेतली. पाटावर कापड अंथरले, उदबत्ती लावली, पुस्तकाला हळदकुंकू वाहिले. (लायब्ररीवाले काय म्हणायचे ते म्हणोत.) पोथीचा नियमही पाळला: अध्याय अर्धा टाकून उठायचे नाही, मध्ये बोलायचे नाही.

सोनालीचे लग्न तोंडावर आले होते. सून मंगलने पहाटे चीक शिजवून कुरडया घातल्या आणि अंगणात बाजेवर वाळत टाकल्या. "आत्या, नीट बघा. नवऱ्याकडची माणसं आधी रुखवत बघत्यात," असे बजावून ती उसाला पाणी द्यायला गेली.

शेजारची पारू हात जोडून, डोळे मिटून ऐकायला बसली. पुस्तकातली बाई पुरात घराच्या आढ्यावर चढली होती. पोटाशी तान्हे मूल, आणि पाणी वर येत होते. लिहिणारा कधीच मरून गेला असेल, पण आमच्या लासुर्णे गावच्या भर वैशाखात माझे पाय गार पडले. इतकी वर्षे पोथी वाचली, असे कधी झाले नव्हते.

तेवढ्यात पारूची शेळी बाजेपाशी आली. मी हाताने खुणावले. पारूने डोळे किलकिले केले, मला नमस्कार केला आणि परत मिटले. मी वाचायचा वेग वाढवला. पोथीचा अध्याय कसा आटोपशीर असतो. हा संपता संपेना. शेवटी पोथीच्याच चालीत मी मध्ये घातले, "शेळी हाकल गं पारूबाई..."

पारूने पदराने डोळे पुसले. "ती बी पुरात सापडली व्हय? बिचारी."

अध्याय संपला तेव्हा बाजेवर नुसते कापड होते. दारात मंगल उभी.

"आत्या, कुरडया कुठं हायत?"

"मूल जगलं," मी म्हणाले.

"आजी, ही पोथी न्हाय," सोनाली म्हणाली. "मजेसाठी वाचायची. मधीच ठिवली तरी चालतं."

मंगलने पुस्तक काढून घेतले. दुसऱ्या दिवशी परत कुरडया घातल्या आणि राखणीला स्वतः बसली. दुपारी मी बाहेर येऊन बघते, तर शेळी बाजेवर आणि मंगल पुस्तकात.

"अगं मंगल, शेळी!"

तिने मान वर न करता हात केला. "थांबा आत्या, अध्याय हू द्या."

रुखवतात दुकानातल्या कुरडया मांडल्या. विहीणबाईंनी एक हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. "घरची चीज ती घरचीच. आजींचा हात हाय का हो?"

मी काही बोलले नाही. मांडीवर पुढचा अध्याय उघडा होता, आणि मध्ये बोलायचे नसते.