बिलाशिवायचा टेप

गाडी आम्ही माधवनगरहून घेतली. तिथल्या एका गिरणीचे मॅनेजर निवृत्त होऊन गावी चालले होते, त्यांची ती राखाडी रंगाची जुनी गाडी. पत्रा शाबूत, गाद्या जरा बसलेल्या, आणि डॅशबोर्डच्या मधोमध गाडीबरोबरच आलेला रेडिओ. दोन पिवळट पांढरी बटणं, मध्ये काचेची पट्टी आणि तिच्यात सरकणारा लाल काटा. चालू केला की आधी नुसता गुणगुणायचा, मग आवाज धरायचा. घाटात खरखर करायचा, पण सपाटीवर सांगली केंद्र स्वच्छ लागायचं. तेव्हा रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागायचा; तोही मॅनेजरांनी आमच्या हाती दिला. मला तो रेडिओ आवडला होता. गाडीच्या अंगचाच वाटायचा.

मी साताऱ्याला सरकारी कचेरीत कारकून होते आणि हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. आणीबाणी चालू होती. आमच्या कचेरीतल्या एका जुन्या हेडक्लार्कना भरदुपारी आत बोलावलं आणि संध्याकाळी ते टेबल आवरून कायमचे घरी गेले. कारण काय, ते कुणी मोठ्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळेजण वेळेआधी यायला लागले आणि डबा खाताना बोलेनासे झाले.

अशात एका रविवारी ह्यांचे थोरले भाऊ आमच्याकडे आले. मीही त्यांना दादाच म्हणायची. सासरे लवकर गेले, तेव्हा दादांनी पलटणीतून पैसे पाठवून ह्यांना शिकवलं. सैन्यात ते ड्रायव्हर होते, हवालदार होऊन परत आले आणि कराडच्या अलीकडं कृष्णाकाठी ऊस करायला लागले. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्या दिवशी त्यांनी खाकी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"बघा. गाडीत बसवायचा टेप हाय. जपानी. कॅसेट आत ढकलली की झालं. दोन स्पीकर, दोन्ही बाजूंनी आवाज येतुय."

चकचकीत होता. ह्यांनी बोटांनी नुसता स्पर्श केला आणि हात मागं घेतला.

"बिल कुठाय, दादा?" मी विचारलं.

"कसलं बिल? माझ्या पलटणीतला दोस्त हाय मुंबईला, बंदरात. त्यानं दिला."

म्हणजे तो बोटीवरून चोरून उतरवलेला माल होता. त्या वर्षी असल्या मालासाठी लोकांना नुसतं उचलून नेत होते. पण दादा खुशीत होते.

"आमच्या साहेबाच्या गाडीत असला टेप हुता," ते ह्यांना सांगत होते. "गाडी मी चालवायचो, पण टेपाला हात लावायचा न्हाई. सायेब उतरला की बंद करून जायचा. मी आपला उन्हात गाडीत बसून ऱ्हायचो. तवाच ठरवलं हुतं, आपल्या घरात गाडी आली की पयला टेप."

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आपण दोघं सरकारी नोकर. हे आपल्या गाडीत सापडलं तर?"

"दादांना नाही कसं म्हणू?"

"मग मी म्हणू का?"

हे उठून गाडी पुसायला गेले. त्या घरात न बोलणं म्हणजे होकारच असायचा.

पुढच्या रविवारी टेप बसवायला आम्ही तिघं सांगलीला गेलो. दादा पुढं ह्यांच्या शेजारी, मी मागं, पिशवी माझ्या मांडीवर. कराड मागं पडलं, पेठ नाका आला, इस्लामपूर आलं. माझं लक्ष रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक खाकी कपड्याकडं. आत्ता हे दादांना नको म्हणतील, आत्ता म्हणतील, असं वाटत होतं. हे उसाच्या भावाबद्दल बोलत होते.

मिस्त्री दादांच्या ओळखीचा होता. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं छोटं गॅरेज. त्यानं टेप उलटसुलट करून पाहिला, डॅशबोर्डला लावून मापला आणि मान हलवली.

"हा रुंद आहे. रेडिओची खाच लहान पडते. पत्रा कापावा लागेल."

"काप की मग," दादा म्हणाले.

"कापतो. पण एकदा कापला की जुना रेडिओ परत बसायचा नाही. ते आधीच सांगतो."

त्यानं पांढऱ्या खडूनं रेडिओभोवती चौकट आखली. मग आतून करवत आणली आणि पुढच्या सीटवर गुडघा टेकवला. मी गाडीबाहेर उभी होते. ह्यांच्याकडं पाहिलं. हे चपलेच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत होते. दुसऱ्या बाजूचं दार उघडंच होतं. मी आत बसले आणि रेडिओवर सपाट हात ठेवला.

मिस्त्री थबकला. "ताई?"

"कापायचा नाही."

"पोरी, हात काड," दादा म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

"दादा, घरात ठेवा, शेतात ठेवा, पण ह्या गाडीत हा टेप बसणार नाही. आमच्या दोघांच्या नोकऱ्या जातील."

मिस्त्री करवत घेऊन मागं सरकला आणि उगाच हात पुसायला लागला. दादा माझ्याकडं बघत नव्हते, ह्यांच्याकडं बघत होते. "तू काय म्हणतूस?"

ह्यांचे ओठ हलले. मग फार हळू म्हणाले, "ती म्हणते ते बरोबर आहे, दादा."

दादांनी टेप टॉवेलात गुंडाळला. दोन्ही स्पीकर पिशवीत टाकले. एकच कॅसेट आणली होती, तीही उचलली. आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. हे मागं धावले, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

आम्ही बराच वेळ गॅरेजपुढं उभे होतो. मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत. परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. पुढची सीट मोकळी होती तरी मी मागंच बसले. हे गाडी नेहमीपेक्षा जोरात हाकत होते.

कराडच्या जकात नाक्यावर एस.टी. उभी दिसली. नाक्यावर जकातीसाठी सामान बघतातच, त्यात नवल नव्हतं. पण त्या दिवशी जकातवाल्याबरोबर पोलीसही होता, आणि रस्त्याच्या कडेला दादा उभे होते. टॉवेल उघडा, टेप पोलिसाच्या हातात.

दादांनी आमची गाडी ओळखली. आमच्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड नदीकडं फिरवलं. हात कमरेपाशीच ठेवून बोटांनी खूण केली. पुढं जावा.

गाडी हळू झाली, पण थांबली नाही. नाका मागं पडला. थांबवा म्हणावं असं वाटत होतं आणि म्हणवतही नव्हतं. तेवढ्यात ह्यांनी करकचून ब्रेक मारला.

"मी न्हाई जानार," हे म्हणाले. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या तोंडून गावाकडची बोली ऐकली नव्हती. "दादाला सोडून मी न्हाई जानार."

गाडी वळवून आम्ही नाक्यावर आलो.

"कोण तुम्ही?" पोलिसानं विचारलं.

"मी ह्यांचा भाऊ."

"मी वळखत न्हाई ह्यांना," दादा म्हणाले.

पोलिसानं एकदा ह्यांच्याकडं पाहिलं, एकदा दादांकडं. तेच रुंद कपाळ, तेच पुढं आलेले कान. तो हसलासुद्धा नाही. "चला सगळे चौकीवर."

चौकीत फौजदारांनी टेप टेबलावर ठेवला. "कुठून आणला?"

"मुंबईस्नं. विकायला न्हेत हुतो."

आमचं नाव येऊ नये म्हणून दादा स्वतःला माल विकणारा ठरवत होते. घरी वापरायला आणलेल्याला कदाचित दंडावर सोडलं असतं. विकणाऱ्याला त्या दिवसांत कुठं नेऊन ठेवलं असतं, सांगता येत नव्हतं.

"ह्या कॅसेटमध्ये काय आहे?"

"म्हाईत न्हाई. आजून ऐकलीच न्हाई," दादा म्हणाले. ते मात्र खरं होतं.

मी पुढं झाले. "साहेब, हे विकणारे नाहीत. आमच्या गाडीत बसवायला आणला होता. मी बसवू दिला नाही."

"तू गप ऱ्हा!" दादा ओरडले.

"बाई, तुम्ही काय करता?"

मी कचेरीचं नाव सांगितलं. फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. "सरकारी नोकरी आहे, आणि हे लिहून देता?"

"देते."

ते उठले आणि बाहेर गाडीपाशी गेले. दार उघडून वाकले. रेडिओभोवती मिस्त्रीची खडूची चौकट तशीच होती, पत्र्याला कुठं ओरखडा नव्हता. त्यांनी परवाना मागितला, तो हे घेऊन आले. फौजदारांनी खडूवर बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं, आणि आत येऊन दादांना विचारलं, "पलटण कुठली?"

दादांनी टाचा जुळवून सांगितलं.

माझा जबाब लिहून घेतला, ह्यांचा घेतला. टेप, स्पीकर आणि ती कॅसेट जप्त झाली. दादांना बोलावलं की हजर राहायच्या बोलीवर सोडलं. चौकीच्या पायऱ्या उतरताना दादांनी कठडा धरला. आधी कधी धरलेला मी पाहिला नव्हता. मग आम्ही त्यांना गाडीनं घरी सोडलं. उतरताना ते ह्यांना एवढंच म्हणाले, "सरळ जायचं सोडून वळलास कशाला?" हे रडायला लागले. दादा दारापाशी उभे राहिले, मग घरात गेले.

दादांना शेवटी दंड झाला. ह्यांच्या खात्यातून काहीच आलं नाही; माझ्या कचेरीत मात्र खुलासा मागवणारा कागद यायला काही आठवडे लागले. तोवर रोज सकाळी कचेरीला निघताना वाटायचं, आज बोलावतील. खुलाशाचं कळल्यावर दादा साताऱ्याला आले. अंगात इस्त्रीचा कोट, कोटावर पदकं.

"तुझ्या सायबाला मी सांगतो. चूक माझी हाय."

"नको, दादा. तुम्ही आलात तर गोष्ट वाढेल. माझं मी लिहिलंय."

ते दारातच उभे राहिले. "तिसऱ्यांदा आडवी आलीस मला."

रागानं म्हणाले की कसं, ते मला तेव्हाही कळलं नाही. साहेबांनी पुढं तोंडी समज देऊन कागद मिटवला, पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी जेवून जा म्हटलं. दादांनी कोट काढून खुंटीला लावला, पाटावर बसले आणि ह्यांना म्हणाले, "तू बी बस की लेका, हुबा काय ऱ्हायलास?" मी तवा परत चुलीवर ठेवला.