एक उघडं, एक झाकलेलं

आमचे काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, त्यांचा हात मात्र झाला नाही. उघडं पाणी दिसलं की त्यांचा जीव वरखाली होतो. चहाच्या कपावर बशी, बादलीवर पाट, मांजराच्या दुधावर ताटली. मांजर आधी ताटलीकडे बघतं, मग काकांकडे. काकू म्हणते, "मी झोपले की यांचा हात चादरीकडे जातो. तोंडावर ओढायला."

त्यांच्या सुनेचं, म्हणजे आमच्या वहिनीचं प्रयोगशाळेतलं काम नेमकं उलटं, पाणी उन्हात उघडं ठेवायचं. आपण खातो ती अँटिबायोटिक्स सगळी अंगी लागत नाहीत. बरीचशी सांडपाण्यात जातात आणि तिथले जंतू त्यांना सरावून निर्ढावतात. वहिनीकडे एक पांढरी पूड आहे. ऊन पडलं की ती कामाला लागते, पाण्यातल्या औषधाचे तुकडे पाडते. उन्हाशिवाय ढिम्म.

प्रयोगशाळेची गच्ची दुरुस्तीला निघाली, म्हणून तिने दोन काचेची तसराळी आमच्या गच्चीवर मांडली. दोन्हींत तेच औषधाचं पाणी, तीच पूड. दुसऱ्या दिवशी तिचे मार्गदर्शक सर आकडे बघणार होते. पटले तर दवाखान्याच्या सांडपाण्यावर प्रयोग, नाहीतर विषय बंद.

काका कपडे वाळत घालायला वर गेले.

संध्याकाळी वहिनी बघते तर एका तसराळ्यावर घमेलं पालथं, वर वीट.

"बाबा, हे काय?"

"कावळे येतात गं. दुसरंही झाकणार होतो, पण तुझी सासू परात देईना."

"मग कणीक काय डोक्यावर मळू?" खालून काकू.

वहिनी जिन्यातच बसली. उन्हावाचून पूड काय करणार, हे तिने सांगितल्यावर काकाही शेजारी बसले.

तरी तिने दोन्हींतलं पाणी तपासलं. उघड्यातलं औषध जवळजवळ गायब. सर म्हणाले, "पण तुकडे झाले कशावरून? पुडीने ते नुसतं अंगाला चिकटवून घेतलं असेल."

वहिनीने घमेल्याखालचा आकडा पुढे सरकवला. तीच पूड, ऊन नाही, आणि औषध जवळपास होतं तेवढंच. नुसतं चिकटत असतं तर इथेही कमी झालं असतं.

"अंधारातला नमुनाही ठेवलात. हुशार आहात."

"मी नाही सर, सासरे. त्यांना झाकायची सवय आहे."

"मग त्यांना सोडू नका," सर म्हणाले आणि दवाखान्याच्या पाण्याला होकार दिला.

आता रोज सकाळी काका गच्चीवर जातात. एक तसराळं थाटात झाकतात. मग दुसऱ्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात.

"झालं का?" काकू खालून विचारते.

"एक झालं."

"मग या की खाली."

"येतो. जरा कावळ्यांकडे बघतो."