पात्याचा आवाज

माझे बाबा बल्लारपूरच्या एका आरागिरणीत मिस्त्री होते. लाकूड कापणारे तिथे बरेच होते, बाबांचं काम पात्यांचं. दात्यांना धार लावायची, वाकलेलं पातं हातोडीनं सरळ करायचं, आणि कुठलं पातं आता चालवायचं नाही ते सांगायचं. त्यांनी नको म्हटलेलं पातं मालकसुद्धा चढवत नसे, हे आई मोठ्या अभिमानानं सांगायची. आई गेली त्या वर्षी मी त्यांना सहा महिन्यांसाठी न्यूझीलंडला आणलं.

इथे त्यांचं काही जमलं नाही. मी फार्मसिस्ट, माझा नवरा ईस्ट टामाकीत गोदामात, त्याला शनिवार-रविवारची शिफ्ट. मुलगी दहा वर्षांची, दिवसभर शाळेत. बाबा टाकानिनीतल्या आमच्या नव्याकोऱ्या घरात एकटे बसायचे. सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन दूध आणायचे, की दिवसाचं काम संपलं. मी संध्याकाळी आले की विचारायची, "काय केलंत आज?" ते म्हणायचे, "बसलो होतो." त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते ऐकवत नसे.

एप्रिलच्या सुट्टीत मी त्यांना आणि मुलीला घेऊन तळ्यांकडे गेले. आमच्याकडून गाडीनं तीन-साडेतीन तास. दाट जंगल आणि त्यात एकामागून एक तळी, काळसर पाण्याची. नवऱ्याला रजा मिळाली नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि समोरचा काठ दिसत नव्हता. तळ्याकाठची केबिन घेतली होती. बाबा तिच्या पायरीवर उभे राहून बराच वेळ पाहत राहिले.

"ताडोब्याचं तळं असंच आहे," ते म्हणाले. "पण तिथं जंगल बोलते. हे मुकं आहे."

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. तळ्याच्या कडेनं पायवाट होती. पूर्वी ओंडके वाहून नेणाऱ्या ट्रॉल्यांचा तो मार्ग, मध्येच शेवाळातून गंजलेले रूळ वर यायचे. वाटेत एक खोड लागलं, खोलीएवढ्या घेराचं, माणसाच्या डोक्याच्या वर कापलेलं. त्याच्या अंगावर दोन खोबणी होत्या. मुलगी शेजारची पाटी वाचायला लागली, तोवर बाबांनी एका खोबणीत हात घातला होता.

"इथं फळी खोचायची आणि तिच्यावर उभं राहून कापायचं. बुंध्याशी झाड फार जाड असते, तिथं करवत पुरत नाही."

पाटीवर तेच लिहिलं होतं. "How did he know?" मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. बाबा हसले. त्या वाटेवर ते जेवढं बोलले तेवढं इथे आल्यापासून बोलले नव्हते. मी पुढे चालत ऐकत होते, आणि मला फार हलकं वाटत होतं.

वाटेच्या शेवटी जुनी आरागिरणी होती, आता बघण्यासाठी जपलेली. नॉर्वेहून आलेल्या दोन भावांनी ती सुरू केली असं दारावर लिहिलं होतं. त्यांचा एक फोटोही होता, पडलेल्या झाडावर बसलेले, दाढीवाले, न हसणारे. रविवारी ती गिरणी थोडा वेळ चालवून दाखवत. वीस-पंचवीस माणसं जमली होती, बरीच लहान मुलं. एक म्हातारे गृहस्थ, साधारण बाबांच्याच वयाचे, विजार वर ओढत पुढे आले. "किया ओरा," म्हणून त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं आणि दोरीच्या आत जाऊन त्या मोठ्या गोल पात्यावर लाकडी हातोडी मारली. "ऐका, कसं गातंय!" असं ते इंग्रजीत म्हणाले.

पातं वाजलं. मला तो आवाज छानच वाटला.

बाबा दोरी ओलांडून आत गेले. मी "बाबा, बाबा" म्हणेपर्यंत ते पात्याशी पोचले होते. त्यांनी बोट मुडपून पात्यावर टकटक केली, थोडं सरकून पुन्हा केली, मग कान जवळ नेला. ते गृहस्थ हसत बाजूला झाले. लोकही कौतुकानं पाहत होते. बाबा एका जागी थांबले, तिथेच तीनदा वाजवलं, आणि माझ्याकडे वळले.

"इथं चीर आहे. दात्याच्या बुडाशी. डोळ्याले दिसत नाही, पण आवाज मेला आहे इथं. त्याले सांग, चालवू नको म्हणा."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "वडील काय म्हणतायत?"

मी त्या क्षणाबद्दल नंतर खूप विचार केला आहे. माझ्या भोवती पंचवीस अनोळखी माणसं होती. माझे वडील न विचारता दोरीच्या आत गेले होते. त्यांचा स्वेटर घरी विणलेला, पायात मोजे आणि त्यावर रबरी चपला. आणि आता मी त्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या गिरणीत, सगळ्यांसमोर सांगायचं की तुझं पातं खराब आहे? मला फक्त एवढंच हवं होतं की बाबांनी बाहेर यावं.

मी इंग्रजीत म्हणाले, "ते अशाच गिरणीत काम करायचे. म्हणतायत, आवाज फार सुंदर आहे."

"स्वीट ॲज!" गृहस्थ खूश होऊन म्हणाले, म्हणजे झकास. त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. बाबांनी हात हलवू दिला. ते माझ्याकडे पाहत होते.

मग पट्टा चढला, इंजिन सुरू झालं. बाबांनी काही न बोलता माझ्या मुलीचा दंड धरला आणि तिला पात्याच्या रेषेतून बाजूला, एका जाड खांबाच्या मागे नेलं. मी होते तिथेच उभी राहिले, पात्याच्या अगदी समोर, बाकीच्यांबरोबर. सरकले असते तर बाबांचं म्हणणं मला कळलं होतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं. माझ्या पुढे एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती. मी तिलाही काही बोलले नाही.

ओंडका आत गेला. फळी निघाली, टाळ्या पडल्या. काही झालं नाही.

गाडीत बसल्यावर मुलगी मागून म्हणाली, "Mum, Ajoba said it was cracked. You didn't tell him."

मी आरशात पाहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हणाले, "सीटबेल्ट लाव."

संध्याकाळी केबिनमध्ये मी खिचडी केली. बाबा नेहमीसारखं जेवले, ताट धुवायला उठले. मला राहवलं नाही.

"बाबा, त्याने ऐकलं नसतं. त्यांचे तपासणारे लोक असतात. इथे सगळं नियमाने चालतं."

"हो का," ते म्हणाले. मग ताट पुसत, माझ्याकडे न पाहता, "त्यानं ऐकलं नसतं तर ते त्याचं. तू तर सांगितलंच नाही. लेकरं उभी होती तिथं."

"काही झालं का पण?"

"नाही झालं." त्यांनी ताट जागेवर ठेवलं. "आमच्याकडेही तीन दिवस काही नव्हतं झालं."

मी पुढे विचारलं नाही. मी लहान असताना गिरणीत पातं फुटून एक माणूस गेला होता एवढं मला माहीत होतं. त्या आठवड्यात बाबा आजारी होते आणि पातं दुसऱ्यानं चढवलं होतं, हे आईनं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. बाबा स्वतः त्याबद्दल कधी बोलले नव्हते, आणि त्या संध्याकाळीही याहून जास्त बोलले नाहीत.

सोमवारी मुलीला कायाकमध्ये बसायचं होतं. तिला लाइफ जॅकेट घालून मी तिच्याबरोबर पाण्यात गेले. पाणी बर्फासारखं होतं. काठावर बाबा छत्री घेऊन बसले होते. मुलीनं हात केला की तेही हात करत. मी हात केला तेव्हाही त्यांनी केला, पण थोडा उशिरा, एखाद्या ओळखीच्या माणसाला करावा तसा.

परत आल्यावर मंगळवारी मी कामावरून त्या गिरणीच्या जागी फोन लावला. माझं काम काय आहे? डॉक्टरनं चुकून जास्त डोस लिहिला, तर फोन करून सांगायचं की हे चुकलंय. मोठमोठ्या डॉक्टरांना मी ते सांगते, आणि मला कधी लाज वाटत नाही. फोनवर एक बाई होती. मी सगळं सांगितलं. माझे वडील पात्यांचे मिस्त्री होते, त्यांना चीर ऐकू आली, कुठे तेही सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्यांनी त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं होतं. मी भाषांतर केलं नाही." ती म्हणाली की निरोप देते, आणि तिनं माझा मेलचा पत्ता लिहून घेतला.

बाबांना मी फोनचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नवऱ्याकडे, माझ्याकडे नव्हे, तिकीट अलीकडचं करून मागितलं. इथली थंडी सोसत नाही म्हणाले. विमानतळावर त्यांनी नातीला बराच वेळ जवळ धरलं. मी वाकून पाया पडले तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सांभाळून राहा."

ते गेल्यावर महिन्याभरानं मेल आला. त्या गृहस्थांनीच लिहिला होता. पातं उतरवून तपासून घेतलं, तुमच्या वडिलांनी सांगितलं तिथेच चीर निघाली, बारीक पण खोल. ते पातं आता चालवणार नाही. शेवटी लिहिलं होतं, त्यांना माझे आभार सांगा, आणि मी त्यांचा हात हलवत असताना त्यांचा चेहरा काय सांगत होता ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी लगेच बल्लारपूरला फोन केला. तिथे दुपार होती. मी मेल वाचून दाखवला, या वेळी एकेक वाक्य, काहीही न गाळता.

"बरं झालं," ते म्हणाले. "कोणाले लागलं नाही ना मधल्या काळात?"

"नाही."

"बरं झालं."

मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. मला लाज वाटली होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "माझीच वाटली ना. वाटते लेकराले कधी कधी." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. रागावले असते तर मला पुढे काही बोलता आलं असतं. मी मेलची प्रत पाठवू का विचारलं, तर म्हणाले, राहू दे, इंग्रजी कोण वाचणार.

आम्ही दर रविवारी बोलतो. ते नातीशी बोलतात, ती इंग्रजीत उत्तरं देते आणि कसं कोण जाणे, त्यांना तिचं सगळं कळतं. मग फोन माझ्याकडे येतो. औषध घेता का, मी विचारते. घेतो, ते म्हणतात. पुन्हा या ना, मी म्हणते. पाहू, ते म्हणतात. मग तेच म्हणतात, "ठेवू का?"