तारामतीचं एकाशन

निपाणीत आमच्या गल्लीत धनपालचं घर धर्माचं म्हणून ओळखलं जाई. धनपाल दिवस मावळायच्या आत जेवे, पाणी गाळून पिई आणि पहाटे उठून बस्तीत जाई. बस्ती म्हणजे आम्हा जैनांचं देऊळ. तिथं झाडून काढणं, गंध उगाळणं, अभिषेकाला घंटा वाजवणं ही कामं तो विनामोबदला करी. मोबदल्याचं काम तो कुठलंच करीत नसे. त्यामुळे धर्म पाळायला त्याला वेळ कधी कमी पडला नाही.

घर चालवायचं काम त्याची बायको तारामती करी. ती तंबाखूच्या वखारीत जाई. चाळणीनं चुरा चाळायचा, काड्या निवडायच्या, नाकातोंडाला पदर बांधायचा आणि तरीही दिवसभर शिंकायचं, असं ते काम. "मेल्यावर माणसाचं काय हुतं ते उपाध्यांना इचारा," ती म्हणे, "जित्तेपणी तपकीर हुतीया, एवढं मला ठाऊक." तारामती बोलली की गल्ली हसे. आडावर तिच्याभोवती बायका थांबत, आणि घरी जाऊन तिचं बोलणं नवऱ्यांना सांगत. नवरेही हसत.

तिच्या पदरात एक मूल होतं. दोन गेल्यावर जगलेली तिसरी, पद्मा. अजून दात यायचे होते. वखारीत पोर न्यायची सोय नव्हती. खळ, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, पोटात जाऊन तिथं आणलेली पोरं ओकत. म्हणून पद्मा दिवसभर आजीजवळ, धनपालच्या आई अक्काताईजवळ असे आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत आईच्या अंगावर.

अडचण एवढीच होती की वखार सुटायची सातला, आणि दिवस त्याआधीच मावळलेला असायचा. सात वाजले की मुकादम परशराम टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारी. तिथून तारामती घरापर्यंत पळत येई. ऐन उन्हाळ्यात ती आणि अंधार एकाच वेळी दारात पोचत. एरवी अंधार आधी येऊन बसलेला असे. अक्काताईनं चूल राखेनं झाकलेली असे. अंधार पडल्यावर आमच्यात अन्न तोंडात घालत नाहीत. दिव्याच्या उजेडात न दिसणारे जीव पोटात जातात. म्हणजे तारामती दुपारच्या भाकरीवर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत राही, आणि पद्मा तारामतीवर.

"वखारीतच दोन घास खा की गं दिवस हाय तवर," शेजारी बसणारी मनुबाई म्हणे. ती मराठ्यांची. घरी गेल्यावर निवांत जेवणारी.

"हात कुठं धुवू? दुपारी आडावर सोडतोय तुझा मुकादम. सांजला सोडतोय व्हय? ह्या हातानं खाल्लं तर भाकरी कशाला, तंबाखूच खाल्ला म्हण."

"मग घरी जाऊन खा गुपचूप. तुझा देव काय चुलीपातूर मागं येतोय?"

"देव न्हाय गं. सासू येतीया."

हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मनुबाईनं ते तसंच नेलं. खरं म्हणजे एकदा अक्काताई माहेरी गेली असताना तारामतीनं अंधारात डब्यातली भाकरी काढली होती. घास तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. धर्माची थट्टा तिला करता येत होती. मोडता येत नव्हता.

मग एका दुपारी तिनं सावकाराला गाठलं. वखारीचा मालक आण्णाप्पा सावकार आमच्यातलाच. पंचांत पहिला, बस्तीत पुढच्या सतरंजीवर. तो स्वतः रोज उन्हं असतानाच टांग्यात बसून घरी जेवायला जाई. यात त्यानं कधी खंड पडू दिला नव्हता.

"आण्णा, दिवस मावळायच्या आधी अर्धा तास सोडा. अंगावर पोर हाय. सकाळी लवकर येऊन भरून काढीन."

सावकारानं सगळं ऐकून घेतलं. तो ऐकून घेण्यात वाकबगार होता. "तारामती, धर्म पाळलाच पायजे बघ," तो म्हणाला. "पर धर्म आपल्या घरचा. वखार सगळ्या जातींची. तुला सोडली तर मनुबाई म्हणंल, मलाबी सोडा. तिला कुठला धर्म सांगू?"

"तिला म्हणावं, तू जैन हो."

सावकार पोट धरून हसला. संध्याकाळी टांग्यातही हसत होता म्हणे.

त्या वर्षी लढाई होती. तांदूळ मिळेना, रॉकेल मिळेना, आणि भाद्रपद लागायच्या सुमारास सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं केली. लढाईला त्याचा काय उपयोग, ते आमच्या गल्लीत कुणालाच उमगलं नाही. बस्तीत मात्र मोठा पेच पडला. धनपाल घाबरून उपाध्यांकडे गेला.

"म्हंजे आता सातला दिवस मावळला नसंल तरी मावळला म्हणायचा काय?"

"दिवसाला घड्याळ नसतंय रं," उपाध्ये म्हणाले. "सूर्य दिसतोय तवर जेव."

धनपाल निर्धास्त झाला. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा तारामती पोरीला पाजत होती. ती दोनदा म्हणाली, "परत सांगा." मग बोटांवर हिशेब करू लागली. वखार सुटणार सातला. नवे सात म्हणजे जुने सहा. जुन्या सहाला उन्हं असतात. ज्या महिन्यात सगळा देश सरकारला चालते व्हा म्हणत होता, त्या महिन्यात निपाणीच्या एका बाईला पहिल्यांदाच सरकार राहावंसं वाटलं.

आणि खरंच तसं झालं. सावकार व्यापाराला कोल्हापूरला गेला होता. परशरामाला हुकूम पाळण्यापलीकडे डोकं चालवायची सवय नव्हती. त्यानं भिंतीवरचं घड्याळ पुढं केलं आणि सात वाजले तसा रुळावर हातोडा मारला. बायका बाहेर आल्या तर रस्त्यावर सावल्या. तारामती पळाली नाही. चालत आली. हातपाय धुऊन चुलीपुढं बसली.

अक्काताई तव्यावरची भाकरी उलटवायची विसरली. "काय गं, काढलं का काय वखारीतनं?"

"सरकारनं सोडलं, आत्याबाई. वाढा."

तिनं दोन भाकरी खाल्ल्या, मुगाच्या आमटीत कुस्करून. त्या रात्री पद्मा उठली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. अक्काताईनं दोनदा उठून पोरीच्या नाकापुढं हात धरला, श्वास चालू आहे का बघायला. तारामती म्हणाली, "झोपलीया हो. पोट भरल्यावर माणसं झोपत्यात. आपल्या घरात ठाऊक न्हाय, म्हणून भ्या वाटतंय."

सावकार कोल्हापूरहून आला त्या संध्याकाळी त्याचा टांगा आणि वखारीतल्या बायका एकाच वेळी फाटकातून बाहेर पडल्या. टांगा बायकांत अडकला. सावकारानं आधी सूर्याकडं बघितलं, मग बायकांकडं. एवढ्या वर्षांत त्यानं त्यांना उजेडात घरी जाताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परशरामानं पालथ्या पाटीवर उभं राहून हुकूम सांगितला. सकाळी वखार नव्या टाइमानं उघडणार. सरकारचा कायदा आहे, मोडता येत नाही. संध्याकाळी मात्र जुन्या टाइमानं सुटणार, कारण तंबाखू जुन्याच उन्हाच्या अंदाजानं वाळतो आणि जुन्याच अंदाजानं झाकावा लागतो.

"सकाळी सरकारचा टाइम, सांजला देवाचा," मनुबाई ओरडली. "मग दुपारी कुणाचा रं, परशा?"

"दुपारी सावकाराचा," तारामती म्हणाली.

सगळी वखार हसली. परशरामही हसला. मग घड्याळाकडं बघून त्यानं बायकांना कामाला लावलं. दुसऱ्या वखारींतही आठवड्याच्या आत हीच रीत पडली. निपाणीच्या व्यापाऱ्यांत एकमत व्हायला एरवी फार वेळ लागे.

आता तारामतीला तांबडं फुटताना घर सोडावं लागे. सूर्य उगवल्याखेरीजही आमच्यात तोंडात काही घालत नाहीत. पूर्वी सकाळी उन्हं आल्यावर ती अर्धी भाकरी आणि ताक घेऊन निघे. तेही गेलं. राहिली दुपार. संध्याकाळची भाकरी मिळवायच्या नादात सकाळचीही गेली, म्हणून ती स्वतःला हसली. पद्मा पुन्हा रात्री उठू लागली. आता ती ओढून ओढून पिई, मग सोडून रडे, मग पुन्हा ओढी.

भाद्रपदातल्या आमच्या पर्वाचे दहा दिवस आले. त्या दिवसांत कोण किती उपास करतो यावर बस्तीत सगळ्यांचं लक्ष असतं. गंध उगाळणाऱ्या धनपालला उपाध्यांनी विचारलं, "धनपाल, तुझी मालकीण सकाळी जेवत न्हाय, सांजला जेवत न्हाय म्हणं. एकाशन धरलंय व्हय?"

एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं व्रत. मोठं मानतात. धनपालनं विचार केला. बायको एकदाच जेवत होती. खोटं बोलायचं कारण नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला.

"चातुर्मासभर?"

दिवाळीपर्यंत वखारीचा टाइम बदलेल असं काही दिसत नव्हतं. "व्हय जणू," धनपाल म्हणाला. धनपालच्या आयुष्यात बायकोसाठी त्यानं केलेलं हे सर्वांत मोठं काम.

पर्वाच्या शेवटच्या दिवशी वखार बंद होती. तारामतीला बस्तीत बोलावलं ते का, हे तिला तिथं गेल्यावर कळलं. उपाध्यांनी सगळ्या समाजापुढं सांगितलं, की अंगावर पोर असताना, वखारीत राबत असताना, या बाईनं चातुर्मासभराचं एकाशन घेतलंय. असं तप मोठ्या घरच्या बायकांनाही झेपलेलं नाही. मोठ्या घरच्या बायकांनी माना खाली घातल्या. अक्काताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आण्णाप्पा सावकारानं आपल्या हातानं लुगडं आणि नारळ पुढं केला.

तारामतीनं ते घेतलं नाही. पद्माला खांद्यावर घेऊन ती तशीच उभी राहिली.

"आण्णा," ती म्हणाली, "मला भूक लागतीया."

बस्ती हसली. पुढची सतरंजी हसली, बायकांची बाजू हसली, उपाध्येही दाढीला हात लावून हसले.

"खरंच सांगतोय मी," ती म्हणाली. "हे तप न्हाय. ही वखार हाय. लुगडं ऱ्हाऊ द्या, दिवस हाय तवर सोडा मला."

आता लोकांना हसू आवरेना. सावकारानं डोळे पुसले. "बघा," तो सगळ्यांकडं वळून म्हणाला, "पोटात अन्न न्हाय आणि जिभेवर इनोद! ह्याला म्हणत्यात समाधान." त्यानं लुगडं तिच्या हातावर ठेवलं आणि नारळ धनपालच्या. धनपालनं तो दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्याच आठवड्यात बाजाराचा दिवस आला. वखार बंद. तारामती सकाळी उन्हं आल्यावर चुलीपुढं बसली. अक्काताईनं ताट घेतलं आणि परत फळीवर ठेवलं.

"अगं, तुझं व्रत."

"आत्याबाई, मी न्हाय घेतलं. तुमच्या ल्योकानं घेतलं."

"कुणीबी घेऊ दे. देवापुढं बोललंय, गावानं ऐकलंय. मोडलं तर पाप पोरीला लागंल. आधीची दोन गेली तेवढी बास."

तारामती चुलीपुढून उठली. पूर्वी बाजाराच्या दिवशी तरी ती तीनदा जेवे.

दूध आटत गेलं. अक्काताईनं जोंधळ्याच्या कण्यांची पेज करून वाटी-चमचा घेतला. शेळीचं दूध चार दिवस आणलं, मग परवडेना. मनुबाईनं अफूची बारीक गोळी आणून दिली. वखारीतल्या निम्म्या बायकांची पोरं त्यावर झोपत. तारामतीनं ती चुलीत टाकली आणि रात्र रात्र पोरीला घेऊन अंगणात फिरली. गल्लीत पोराचं रडणं ऐकू येई. लोक म्हणत, तपाला विघ्नं येतातच.

दिवाळी झाली, चातुर्मास संपला. पारण्याच्या दिवशी वखार बंद होती; बस्तीतल्या बायका घरी आल्या. सावकाराच्या घरून शिऱ्याचं पातेलं आलं. तारामतीला पाटावर बसवून पहिला घास उपाध्यीणबाईंनी भरवला. व्रत सुटलं. दूध काही परत आलं नाही. ते चातुर्मासामुळं गेलेलंच नव्हतं, आणि वखारीचा टाइम होता तोच होता.

बायका शिरा खात होत्या. तारामतीनं हात धुतले आणि अक्काताईच्या मांडीवरून पद्माला उचललं. पोर हलकी झाली होती, डोकं मोठं दिसत होतं. तिला पदराखाली घेतलं. पद्मानं तोंड लावलं नाही. थोडा वेळ आईच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग वळून आजीकडं, चमच्याकडं हात पसरले.

"सवय झाली बघ तिला," अक्काताई म्हणाली. "आता रडतबी न्हाय."

"व्हय," तारामती म्हणाली. "वाटी द्या हिकडं."

तिनं पदर सारखा केला, पोरीला मांडीवर नीट बसवलं आणि पेज भरवू लागली. बाहेर उन्हं कलली होती. पेज संपेपर्यंत ती उठली नाही.