सबूररावांचे घर आणि गेल्या वर्षीचा प्रोसेसर

सबूरराव (जन्म १९५२, मृत्यू २०२३) हे बांधकामाचे नकाशे करणाऱ्या आमच्या कार्यालयात आरेखक होते आणि निवृत्त होईपर्यंत खिडकीजवळच्या एकाच टेबलावर बसत. त्यांचे कागदोपत्री नाव अर्थातच निराळे होते. परंतु ते फक्त पगारपत्रकावर दिसे. एरवी शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सारे त्यांना सबूररावच म्हणत, आणि त्या हाकेला ते न कुरकुरता ओ देत. कोणी काहीही विकत घ्यायला निघाले, की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "सबूर. पुढच्या मोसमात भाव उतरेल."

बहुतेक वेळा भाव उतरतही असे, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. टीव्ही असो, इस्त्री असो, प्रिंटर असो, त्यांच्या सल्ल्याने ज्यांनी कळ काढली त्यांचा फायदाच झाला. नवे मॉडेल आले की जुने कोणत्या कोपऱ्यात ढकलतात, खोके फाटलेल्या मालावर वेगळी सूट मागता येते किंवा नाही, याचे त्यांना विलक्षण ज्ञान होते. त्यांच्या स्वतःच्या घरातला फ्रिज दुकानात नमुना म्हणून मांडून ठेवलेल्यांपैकी होता आणि त्याच्या एका बाजूला पोचा आलेला होता. ती बाजू त्यांनी भिंतीकडे केली होती. "पोचा भिंतीला दिसतो, आपल्याला सूट दिसते," असे ते पाहुण्यांना सांगत. त्यांच्या पत्नी त्यावर म्हणत, "आणि मला दोन्ही दिसतात."

एका बाबतीत मात्र हे शास्त्र त्यांच्यावर उलटले. तरुणपणी गावाबाहेर जमिनीचे तुकडे विकायला निघाले होते. पती-पत्नी दोघे जाऊन एक तुकडा पाहून आले होते. पत्नीने तिथेच उभ्या उभ्या काठीने मातीत रेघा ओढल्या होत्या: इथे ओसरी, इथे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराची खिडकी सकाळच्या उन्हाकडे. सबूररावांनी मालकाला सांगितले, वर्षभराने येतो. वर्षभराने भाव वाढला होता. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वाढला. पुढे तो तुकडा, त्याच्या शेजारचा तुकडा आणि त्याच्याही पलीकडचा तुकडा त्यांच्या आवाक्याबाहेर गेले, आणि उभयतांचा संसार तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत झाला. तिथल्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या नळांकडे उघडत असे. या विषयावर त्या घरात भांडण झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते, असे सबूरराव एकदाच मला म्हणाले होते.

लेक लग्न होऊन दूरच्या शहरी गेली आणि मागोमाग निवृत्ती आली, तेव्हा त्यांनी घर बांधायला घेतले. अर्थात संगणकावर. मातीत ओढलेल्या त्या रेघा त्यांना तंतोतंत आठवत होत्या. त्या आधाराने त्यांनी एक एक भिंत उभी केली, दारांना कड्या लावल्या, ओसरीच्या फरशीचे सांधे जुळवले. त्यांचा बेत असा होता, की पडद्यावर त्या घरात खरोखर शिरल्यासारखे फिरता यावे आणि खिडकीतून ऊन ज्या तिरपेने यायला हवे त्याच तिरपेने यावे. परंतु त्यांचा संगणक म्हणजे वयोवृद्ध प्रकरण. त्याला एका वेळी एकच खोली झेपे. दोन खोल्यांमधले दार उघडले, की पंखा घरघरू लागे आणि पडदा गोठून बसे. संपूर्ण घर एकदम उघडण्यासाठी नवा, दमदार प्रोसेसर हवा होता.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. दरवर्षी त्याची नवी पिढी येते, आणि ती आली की आधीची स्वस्त होते. सबूररावांसारख्या माणसाला याहून मोठा मोह आणि याहून मोठा सापळा मिळणे शक्य नव्हते. घेण्याजोगा प्रोसेसर दरवर्षी समोर असे आणि त्याहून चांगला दरवर्षी येऊ घातलेला असे.

एका सेलच्या दिवसांत पत्नीला बरोबर घेऊन ते मोठ्या दुकानात गेले होते. काचेच्या कपाटात लहानशी चौकोनी खोकी मांडलेली. विक्रेता चुणचुणीत होता.

"घेऊन टाका, काका. तुमच्या कामाला हा धावेल नुसता."

"पुढची पिढी कधी येते आहे?"

"येईल की वर्षभरात. पण काका, पुढची पिढी नेहमीच येत असते. माझं लग्नसुद्धा असंच लांबलं."

पत्नी हसल्या. सबूरराव हसले नाहीत. त्यांनी खोके उलटून पाहिले, सुलटे करून पाहिले, आणि परत दिले. "वर्षभराने येतो," असे ते म्हणाले. हे वाक्य पत्नीने पूर्वीही एकदा ऐकले होते. त्या इस्त्र्यांच्या मांडणीकडे पाहत राहिल्या.

त्याच वर्षी त्यांच्या पत्नी चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेऊ लागल्या. बाजूला ठेवलेली भांडी त्यांच्या हातून पडू लागली. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. समोरचे दिसते, परंतु नजरेचे क्षेत्र कडेकडून मिटत येते. गेलेले परत येत नाही, आणि उरलेले औषधाच्या थेंबांनी किती टिकेल ते सांगता येत नाही. दवाखान्यातून परतताना पत्नी म्हणाल्या, "माझ्या भावाला एवढ्यात कळवू नका, रडत बसेल." जिन्याच्या वळणावर उभ्या राहून त्यांनी पुढे विचारले, "अहो, ते घर कुठवर आलं तुमचं?"

"झालंच आहे. फक्त उघडत नाही."

"मग उघडा की. दिसतंय तोवर बघेन म्हणते."

सबूररावांना त्या घरासाठी यापूर्वी कोणीही मुदत घातली नव्हती. तरीही सवय ती सवय. सेल तोंडावर आला होता, आणि त्यांनी सेलची वाट पाहिली. नवी पिढी बाजारात उतरली होती. त्यांनी सर्वांत नवा प्रोसेसर घेतला, तोही त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, पूर्ण किमतीला. मात्र ज्यावर तो बसवायचा तो मदरबोर्ड त्यांनी सवलतीच्या कोपऱ्यातून उचलला. खोके फाटलेले होते. आत माल कोरा होता. जुना संगणक दिल्यास आणखी सूट होती, म्हणून घराची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घेऊन तोही दिला.

घरी त्यांनी टेबलावर स्वच्छ पांढरे कापड अंथरले, हात धुऊन पुसले आणि सगळे भाग आरेखकाला शोभेल अशा निगुतीने जोडले. पत्नी शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. सबूररावांनी बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला.

"हे अंगण का?" पत्नीने विचारले.

त्या दिवशी त्यांनी सगळे उकलून पुन्हा जोडले आणि पडदा पुन्हा काळाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दुरुस्ती विभागातल्या माणसाने खोक्यावरची तारीख पाहिली आणि मान हलवली.

"काका, बोर्ड आधीचा आहे. हा प्रोसेसर जन्मायच्या आधी कारखान्यातून निघालाय. त्याला याची ओळखच नाही. गेल्या वर्षीचा प्रोसेसर बसवून बोर्डाच्या आतली प्रणाली नवी करायची, मग हा लावायचा. महाग बोर्डांना त्यासाठी वेगळं बटण असतं. याला नाही."

"मग गेल्या वर्षीचा द्या. तुम्हीच बसवा आणि करा."

"तो संपला, काका. एक नगसुद्धा नाही. आणि सवलतीचा माल परत घेत नाही. नवीन बोर्डांची खेप यायचीय. थोडी सबुरी ठेवा."

सबूरराव त्या माणसाकडे पाहतच राहिले. "मला थांबता येणार नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाल्याचे आमच्या कार्यालयातल्या एकाही माणसाला पुढे खरे वाटले नाही.

मग शोध सुरू झाला. गेल्या वर्षीचा प्रोसेसर कोणाकडे आहे? त्यांनी एकेका परिचिताला फोन केला, मलाही केला. प्रत्येकाचे उत्तर जवळपास एकच होते: "घेणार होतो हो, पण तुम्हीच म्हणालात ना, थांबा!" त्यांच्या सल्ल्याने वागणारी माणसे भरपूर होती, आणि म्हणूनच त्यांच्यापैकी एकाकडेही ती वस्तू नव्हती. ती होती एका माणसाकडे: पत्नीच्या धाकट्या भावाकडे. तो फोटो स्टुडिओ चालवत असे. गेल्या वर्षी माल दुकानात आला त्याच दिवशी त्याने संगणक जुळवून घेतला होता आणि आनंदाने भावोजींना पाहायला बोलावले होते. भावोजी चार माणसांत म्हणाले होते, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." तेव्हापासून दोघांमध्ये बोलणे नव्हते.

सबूरराव नाक मुठीत धरून स्टुडिओत गेले. मेहुणा पडद्यासमोर बसून कोणाच्या तरी कपाळावरचा डाग पुसत होता.

"या, या! सबूरराव स्वतः? उतावळ्याच्या दुकानात वाट चुकलात वाटतं."

"काम आहे."

"फोटो काढायचाय? थांबा की. पुढच्या मोसमात कॅमेरा चांगला येईल."

सबूररावांनी हे ऐकून घेतले. मग खुर्चीच्या काठावर टेकून, एखाद्या नकाशातली चूक साहेबांना दाखवावी तशा क्रमाने, बोर्डाची हकिकत सांगितली. मेहुणा टेबलावर हात आपटून हसला.

"म्हणजे माझा मेंदू तुमच्या डोक्यात बसवल्याशिवाय तुमचं डोकं चालणार नाही!"

"असंच समज."

"भावोजी, माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत. फोटो उद्या द्यायचेत. तुमच्या त्या बोर्डात माझी वस्तू जळली तर? दोन-चार दिवस जाऊ द्या, रविवारी बघू. एवढी वर्षं थांबलात, आता काय घोडं अडलंय?"

"तुझ्या ताईचे डोळे जाताहेत," सबूरराव म्हणाले. "तुला सांगू नको म्हणाली होती."

मेहुण्याच्या हातातला माउस तसाच राहिला. त्याने विचारले, "किती दिसतं?"

"समोरचं. नळीतून पाहिल्यासारखं. रोज नळी बारीक होते."

त्याने चालू संगणक बंद केला, उघडला, वरचा पंखा सोडवला आणि प्रोसेसर काढून मऊ फडक्यात ठेवला. दुकानाचे दार ओढून घेऊन तो भावोजींबरोबर निघाला. वाटेत एवढेच म्हणाला, "मला कळवायला हवं होतं. यातही सूट मिळायची वाट बघत होतात का?"

तिसऱ्या मजल्यावर दोघांनी मिळून काम केले. मेहुण्याचा प्रोसेसर बसवला, तेव्हा पडदा उजळला. बोर्डाची प्रणाली नवी झाली. मग तो काढून सबूररावांचा नवा बसवला. घर उघडले, एकदम आणि सगळे.

पत्नी पडद्याच्या अगदी जवळ बसल्या. नजर बारीक झाल्यामुळे त्यांना एका वेळी पडद्याचा थोडाच भाग दिसत होता. त्या मान हळूहळू वळवत कोपरे शोधत होत्या. फाटक झाले, ओसरी झाली.

"जरा हळू न्या हो. फरशी बघू द्या." मग, "स्वयंपाकघर कुठाय?"

सबूररावांनी दार उघडले. खिडकीतून सकाळचे ऊन ओट्यावर पडले होते. पत्नीने हात पुढे करून, कोपरापासून वाकवून, हवेतच काही जोखले.

"ओटा उंच झाला."

"प्रमाण उंची आहे ती. सगळीकडे हीच धरतात."

"सगळीकडे धरत असतील. इथे पोळ्या मी लाटणार आहे."

मेहुणा फिस्सकन हसला आणि मग उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, नळांकडे पाहत. सबूररावांनी तिथल्या तिथे ओटा खाली घेतला. पत्नीने पुन्हा हात पुढे केला आणि मान डोलावली. ऊन तसेच राहू द्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी उरलेल्या खोल्या पाहिल्या नाहीत.

पुढे जवळजवळ रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, ते घर उघडले जाई. "आज ओसरीत बसू," असे पत्नी म्हणत, आणि दोघे पडद्यासमोर खुर्च्या टाकून ओसरीत बसत. नजर आणखी मिटत गेली, तेव्हा सबूरराव सांगू लागले: आता डावीकडे दार आहे, आता पायरी आहे. पायरी म्हटले की त्या पाऊल किंचित उचलत. एकदा त्यांनी मागच्या अंगणाविषयी विचारले. तिथे त्यांना एक झाड आणि खाली बसायला बाक हवा होता. पाने हलती दिसायला हवीत, असे सबूररावांना वाटे, आणि नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येऊ घातली होती. त्यात पाने चांगली हलणार होती. थांबू म्हणाले.

आवृत्ती आली त्या हिवाळ्यात ते आजारी पडले आणि उठले नाहीत.

त्यानंतरची व्यवस्था अशी झाली. मेहुण्याचा प्रोसेसर घर पहिल्यांदा उघडले त्याच आठवड्यात त्याच्याकडे परत गेला होता. तो अजून त्याच्या स्टुडिओत चालतो. संगणक त्यांच्या पत्नीकडे राहिला. लेकीने आईला आपल्याकडे नेण्याचा पुष्कळ आग्रह केला. तिथे घर कोण उघडून दाखवील, असे विचारून आईने तो नाकारला. आता रविवारी मेहुणा जातो आणि घर उघडतो. त्याला फार भरभर फिरण्याची सवय आहे, याबद्दल तो बहिणीची बोलणी खातो. त्यांना आता जवळजवळ काहीच दिसत नाही. खिडकीतले ऊन मात्र कळते, असे त्या सांगतात, आणि ते पडद्याचे की आठवणीतले, हे विचारण्याचा अधिकार आपला नाही. मागच्या अंगणाची जागा कोरी आहे. मेहुणा नकाशांचे ते सॉफ्टवेअर शिकतो आहे. त्याला अद्याप सरळ भिंतही काढता येत नाही. झाडाची पाने हलली नाहीत तरी चालेल, असे बहिणीने त्याला सांगून ठेवले आहे.