उंडीच्या झाडावरचं पांढरं

भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा टांगला की याकूब मास्तर आधी खिशातून रुमाल काढायचे आणि पश्चिम किनारा पुसून घ्यायचे. मग एका ठिकाणी बोट टेकवून वर्गाला सांगायचे, "इथं एक माशी बसलीय असं समजा. त्या माशीच्या एका पायाखाली माझं गाव आहे." मुलं हसायची. मास्तर मात्र ते बोट लवकर उचलायचे नाहीत. तेवढा वेळ त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू त्यांनी घरात आजारी माणूस ठेवून बाहेर पाऊल टाकलं आहे.

त्या वेळी कोल्हापुरात महाराजांच्या राज्यात ज्यांच्या घरात कधी पाटी आली नव्हती त्यांची मुलं शाळेत येऊ लागली होती, आणि तशाच घरांतले आम्ही काहीजण मास्तर झालो होतो. मी गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याचा मुलगा. याकूब मास्तर घाटाखालच्या एका बंदरासमोरच्या खडपी नावाच्या बेटावरच्या खलाशाचे. शाळेमागच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "पाणी पाहिलंय का कधी?" मी म्हणालो, "रंकाळा आहे की." ते म्हणाले, "ते वाटीतलं दूध. सांडत नाही, कुठं जात नाही. जाधव, तुमची हद्द बांधानं संपते. आमची रोज दोनदा हलते."

भूगोल शिकवायला त्यांना पुस्तक लागत नसे. शाळेच्या अंगणात ते मातीचं खडपी बेट करायचे. एका बाजूनं कुरतडलेल्या भाकरीसारखा त्याचा आकार. पश्चिमेला कडा, त्याच्या कपारीत समुद्रगरुडाचं घरटं. मध्यभागी गोड्या पाण्याची विहीर, चारी बाजूंनी खारं पाणी असूनही गोडच. बंदराकडच्या टोकाला जुन्या आरमाराच्या चौकीचा ढासळलेला बुरूज आणि त्यात गंजलेली तोफ. तोफेच्या तोंडात खेकडे राहतात, असं ते सांगायचे. थंडीत दक्षिणेच्या वाळूच्या पुळणीवर कासवं अंडी घालायला येतात, आणि बुरुजाजवळच्या उंडीच्या झाडावर पावसाळ्यात बगळे घरटी करतात. मग ते घागरीनं पाणी ओतून भरती आणायचे आणि ओहोटीची वाट पाहत वर्गाला उन्हात उभं करायचे.

तुका शिपाई खराटा घेऊन बाजूला थांबलेला असायचा. "मास्तर, चिखल करायचा तुमी आन् झाडायचा म्या. ह्यो कुठला भूगोल म्हनायचा?"

"थांब तुका, ओहोटी पुरी होऊ दे."

"हेडमास्तर आलं म्हंजे तुमची बी ओहोटी हुतीय बगा."

मास्तर हसायचे, पण घागर रिकामी केल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत.

त्यांची काळजी मला कळली ती पहिल्या पावसाळ्यात. बेटावर त्यांची आई एकटी राहत असे. वडील समुद्रावर असतानाच वारले होते. मास्तर दर उन्हाळ्यात तिला कोल्हापूरला आणायला जायचे आणि दर उन्हाळ्यात एकटेच परत यायचे. पाऊस लागला की समुद्र बंद होतो. हिंदू असो की मुसलमान, नारळी पौर्णिमेला नारळ पडल्याशिवाय त्या बंदरात कोणी होडी लोटत नाही. तोवर बेटावर काय चाललं आहे ते बंदरालाही कळत नाही. म्हणून बेटावरच्या लोकांची एक रीत होती. ज्याचं माणूस परगावी असेल, त्याच्या घरातून दर जुम्म्याला उंडीच्या झाडावर पांढरं कापड लावायचं. बंदरावरून ते दिसतं. एक ओळखीचा नारळवाला ते पाहून मास्तरांना कार्ड टाकायचा. कार्ड आलं की त्या दिवशी मास्तर पोटभर जेवायचे.

"आणि काही वाईट झालं तर? काळं लावता?" मी विचारलं होतं.

"वाईट असेल ते आम्ही दाखवत नाही," ते म्हणाले. "काही दिसलं नाही म्हणजे ज्यानं त्यानं समजायचं."

ज्या वर्षाचं सांगतो आहे, त्या वर्षी नारळवाल्यानं धंदा बंद करून गाव सोडलं होतं. पाऊस लागून महिना झाला तरी एकही कार्ड आलं नाही. मास्तर रजा मागत होते, पण शाळातपासणी तोंडावर होती. नेमका त्याच सुमारास माझ्या मेव्हण्याला ताप आला. तो त्याच बंदरावर जकातीच्या नाक्यावर कारकून होता. मला जावं लागलं. निघताना मास्तर माझ्या खोलीच्या दारात आले. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "जुम्म्यापर्यंत थांबा. झाडाकडे बघा."

मी थांबलो. त्या शुक्रवारी दिवसभर पावसानं समोरचं काही दिसू दिलं नाही. संध्याकाळी थोडी उघडीप पडली. पलीकडे बुरूज दिसला, झाड दिसलं, आणि झाडावर पांढरं दिसलं. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. मी तिथल्या दगडावर बसून दोन्ही हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परतीची गाडी धरली. आणखी थोडा वेळ बघत राहावं, कोणा खलाशाला विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांनीही मला बोचतं ते हेच. मी आनंदाची बातमी घेऊन पळालो.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारू लागले.

"कुठं होतं?"

"झाडाच्या शेंड्याला."

"शेंड्याला? आई काठीनं खालच्या फांदीला अडकवते. तिचा हात तेवढाच पोचतो." मग, "हलत होतं?"

"हलत होतं."

"एका जागी हलत होतं, की जागा बदलत होतं?"

डोळे मिटून मी ते झाड पुन्हा आठवू लागलो, आणि जितकं आठवावं तितकं ते पांढरं पंख पसरू लागलं. अंगणातल्या मातीच्या बेटावर उंडीच्या जागी डहाळी खोचून मास्तरांनी तिच्यावर बगळे बसतात ते माझ्यादेखत शिकवलं होतं.

"बगळे असतील," मी म्हणालो.

"असतील," ते म्हणाले. "कापडही असेल. तुम्ही पांढरं पाहिलंत, पांढरं सांगितलंत. कुठली फांदी ते मी सांगायला हवं होतं."

त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मी सुटलो असतो. त्यानंतर ते जेवायला बसायचे आणि भाकरी मोडून तशीच ठेवायचे. पंचगंगेला पूर आला तेव्हा सगळं शहर पूर बघायला गेलं. तेही गेले. पण पाण्याकडे पाठ करून ते घाटाच्या दिशेच्या ढगांकडे पाहत राहिले. तुका त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "मास्तर, म्हाताऱ्या मान्सास्नी काय हुत न्हाय. माजी आय बगा, गेली धा वरसं मरतूय मरतूय म्हनत्या, आन् रोज मलाच शिव्या देत्या." मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तपासणी संपली त्याच संध्याकाळी मास्तर निघाले. मी सोबत निघालो. नको म्हणाले, मी ऐकलं नाही. फोंडा घाटात दरड कोसळून गाड्या अडकल्या होत्या. गाडीवान म्हणाला, "पावनं, म्होरं रस्ताच न्हाय. माघारी फिरा." मास्तरांनी चपला हातात घेतल्या आणि ते चिखलातून उतरू लागले. मी मागून उतरत होतो. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "जाधव, तुम्ही नक्की कापड म्हणाला असता तर मी वर्गात राहिलो असतो. नक्की बगळे म्हणाला असता तर घरी बसून रडलो असतो. हे असं अर्धवट घेऊन बसवत नाही."

बंदरावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. झाड लख्ख दिसत होतं. शेंड्याला बगळे होते, दाटीनं, ओरडत, एकमेकांना ढकलत. खालची फांदी मोकळी होती. पुढचा शुक्रवार आला, तरी ती रिकामीच राहिली. मास्तर होडी हाकणाऱ्या एका तांडेलाकडे गेले. तांडेल त्यांच्या वडिलांबरोबर गलबतावर असलेला म्हातारा. तो म्हणाला, "याकूब, तुला मी नाही म्हणतो असं नाही. तो नाही म्हणतोय," आणि त्यानं समुद्राकडे हनुवटी केली. मास्तरांनी मान डोलावली. पौर्णिमेपर्यंत ते रोज त्या दगडावर बसून राहिले. मी मेव्हण्याच्या घरून भाकरी आणायचो. ती बहुतेक वेळा कावळ्यांनाच जायची. आईची वाट पाहावी की ती गेली समजून तिच्यासाठी फातिहा म्हणावा, हेच त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि हे मी त्यांच्यावर आणलं होतं.

पौर्णिमेला नारळ पडला आणि पहिली होडी निघाली. मी वल्ह्याजवळ पडून ओकत होतो. मास्तर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे होते. बुरुजाखालच्या पायऱ्यांवर उतरून ते धावत वर गेले, आणि मी भिंतीला धरत धरत मागून पोचलो तेव्हा घरातून आवाज येत होता.

"पाय धुवून ये. वाळू आणू नको घरात."

ती चुलीपुढे बसली होती. लहानशी, काटक, डोक्यावरून पदर. मास्तर दारातच खाली बसले. मग एकदम म्हणाले, "कापड का नाही लावलंस?"

"शेजारच्या मरियमला पोर झालं. त्याला गुंडाळायला पांढरं तेवढंच होतं घरात."

"दुसरं काही नव्हतं?"

"तुझ्या बापाचा फेटा होता. तो कोण पावसात भिजवतो?"

"आणि मी तिकडं काय समजायचं?"

"तू शिकलेला माणूस. समजशील म्हटलं."

मी बाहेर आलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. आत मायलेक भांडत होते. असं गोड भांडण मी ऐकलं नव्हतं.

जेवायला बसलो तेव्हा खरं काय ते दिसलं. तिनं मला "हसन, भात घे" म्हणून वाढलं. हसन म्हणजे शेजारचा पोरगा, मरियमचा नवरा. मी भात घेतला. तिनं कालवणाची पळी माझ्या ताटाच्या बाहेर ओतली. मास्तरांनी तिचा हात हळूच धरून ताटाकडे नेला. तिनं तो झटकला. "दिसतंय मला." पण पाण्याला उठली तेव्हा ती भिंतीला हात लावत लावत गेली. शेजारची माणसं पाणी भरत होती, लाकडं फोडत होती, आणि तिच्या सांगण्यावरून मास्तरांपासून सगळं लपवत होती.

त्या संध्याकाळी मास्तर मला उंडीच्या झाडाखाली घेऊन गेले. बगळ्यांची पिलं आता उडायला शिकत होती, आमच्या अंगावर विष्ठा पडत होती. म्हणाले, "उद्या तुम्ही एकटे जा. हेडमास्तरांना सांगा, मी येत नाही."

"तुमची नोकरी?"

"इथं पोरं आहेत. त्यांना कोल्हापूर शिकवीन. एक मोठी वाटी करीन मातीची आणि रंकाळा म्हणून पाणी ओतीन." ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

मी म्हणालो, "मास्तर, माझ्यामुळं..."

त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "लवकर निजा. भरतीचं पाणी फिरलं की निघायचं. तांडेल पहाटेच हाक मारील."

मी परत आलो. त्यांचे तास मला मिळाले. अंगणात बेट करायचं धाडस मला कधी झालं नाही. तुकानंही कधी विचारलं नाही. घाटाखालून येणाऱ्या गाडीवानांकडून निरोप यायचे, मी उलटे पाठवायचो. काही वर्षांनी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या गाडीबरोबर सांगावा आला की मास्तरांची आई गेली.

पावसाच्या ऐन भरात गेली होती. बंदरावरून कोणी जाऊ शकलं नव्हतं, कोणाला कळलंही नव्हतं. तिला नहाण घालायला मरियम होती. कबर खणायला शेजारचे होते. खडकात खणायला दोन दिवस लागले असं गाडीवान म्हणाला. आणि तिच्या तोंडात पाणी घालायला याकूब मास्तर होते.